दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप: गावरस्त्याची झाडं उन्हाळ्यात का मरतात आणि ती कशी जगवायची

जुलैत रोपांची गाडी येते. बसस्टँडपासून शाळेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना रोपं लागतात. पोळ्याला ती तरारलेली असतात, दिवाळीलाही हिरवी असतात. होळी उलटली की एकेक रोप पानं टाकू लागतं आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेस्तोवर जाळीच्या आत नुसती काडी उरते. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यातली वरवरची माती उकरून नवं रोप लावलं जातं. यवतमाळ, वर्धा, अमरावती, वाशीम, चंद्रपूर, विदर्भातला कुठलाही जिल्हा घ्या, हे चक्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "ऊन फार आहे अन् पाणी नाही."

हे उत्तर अर्धंच खरं आहे. त्याच उन्हात, त्याच रस्त्यावर, कुणी तांब्याभर पाणी न घालता वाढलेला एखादा कडुनिंब प्रत्येक गावात उभा असतो. रोपं मरण्याची कारणं सात-आठ आहेत आणि शेजारशेजारच्या दोन खड्ड्यांतही ती वेगळी निघतात. कारण न शोधता रोप बदललं, तर जुन्याला ज्यानं मारलं तेच नव्यालाही मारतं. म्हणून इथं आधी तपासणी, मग लागवड.

हा विषय मला शोभेचा वाटत नाही. आपली घरं बदलली. मातीच्या जाड भिंती आणि कवेलू (कौलं) गेले, टिन आणि स्लॅब आले. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. तो दिवसभर तापतो आणि रात्री जेवणं होऊन गेली तरी ऊब सोडत असतो. पारा ४५ च्या पुढं गेला की टिनाखालचा पंखा गरम वाराच फिरवतो, आणि लाइन गेली की तोही बंद. घरात म्हातारी माणसं असतात, ओली बाळंतीण असते, दुपारी शेतातून परतलेली बाई असते. सावलीतला रस्ता किंवा भिंत, भर उन्हातल्यापेक्षा ११ ते २५ अंशांपर्यंत थंड राहू शकते. शिवाय पानांतून उडणाऱ्या वाफेमुळं भोवतालची हवा एक ते पाच अंशांनी उतरू शकते. पण वाफ उडायला मुळाशी ओल लागते. कोरड्या मातीतलं झाड पानांची छिद्रं मिटून घेतं आणि तग धरतं. तेव्हा ते सावली देतं, गारवा फारसा देत नाही.

आधी महिना आठवा

रोप नेमकं कधी गेलं, यावरून निम्मं कारण कळतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पानं पिवळी पडून, देठासकट मऊ होऊन गळाली असतील, तर रोप पाण्यानं मेलं, तहानेनं नाही. काळ्या जमिनीतला खड्डा झडीच्या दिवसांत हौदासारखा भरतो, पाणी आठवडाभर हलत नाही आणि मुळं गुदमरतात. याच पिवळ्या पानांना पाहून लोक आणखी पाणी घालतात, किंवा युरियाची चिमूट टाकतात. दोन्हीनं नुकसानच होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे जमिनीत ओल असतानाच वाढ थांबली आणि शेंडा सुकला, तर दोष मुळांत किंवा खड्ड्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं कडेनं करपत गेली, तर पाणी आणि भेगा. मार्च-एप्रिलमध्ये एका रात्रीत सगळं झाड तपकिरी झालं आणि वाळलेली पानं फांदीलाच चिकटून राहिली, तर आग. बुंध्याच्या एका बाजूला काळा डाग सापडेल. शेंडा तुटलेला, साल ओरबाडलेली, तर बकऱ्या. खोडावर मातीचे लेप चढलेले आणि बोटानं दाबलं की साल आत जाते, तर उधई, म्हणजे वाळवी.

पहिला उन्हाळा काढून दुसऱ्या मे महिन्यात गेलेलं रोप माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं. त्याला बहुधा कुठला रोग नसतो. "लागलं आता झाड" म्हणून आपणच पाणी बंद केलेलं असतं.

अजून एक. काडी वाळलेली दिसते म्हणून लगेच उपटू नका. नखानं साल थोडी खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. वर कोरडं असेल तर खाली खाली येत जमिनीलगत खरवडून पाहा. कडुनिंब आणि करंज वरून पूर्ण वाळून बुडाशी जिवंत असतात, आणि मृगाचा पाऊस पडला की बुडखातून धुमारे फुटतात. त्याच्या खाली दोन वर्षांची मुळं तयार असतात, म्हणून तो धुमारा नव्या रोपापेक्षा कितीतरी जोरानं वाढतो. जुलैच्या मध्यापर्यंत थांबा, त्यातला एक सरळ धुमारा ठेवा, बाकीचे कापा.

मेलेलं रोप उकरा, ओढू नका

खरोखर मेलेलं रोप सापडलं की हात घालून ओढायचं नाही. सब्बल (पहार) आणि खुरपी घेऊन एका बाजूनं उकरत जायचं आणि मुळं कुठवर गेली ते पाहायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. गावातली पाच-सहा मेलेली रोपं अशी उकरली की पुढच्या लागवडीची निम्मी चूक तिथंच पकडली जाते.

बहुतेक ठिकाणी काय दिसतं ते सांगतो. काळ्या मातीच्या मधोमध रोपवाटिकेतल्या लालसर मातीचा गोळा जसाच्या तसा असतो, पिशवीच्या आकाराचा. मुळं त्या गोळ्याबाहेर आलेलीच नसतात. तळाशी गोल गोल फिरून त्यांचं वेटोळं झालेलं असतं. कधी कधी तर काळी पिशवीही तशीच असते, फक्त बुडाशी फाडलेली. वर्षभर आपण त्या गोळ्याला पाणी घातलं, पण दोन वीत पलीकडच्या मातीशी झाडाची भेटच झाली नाही.

आता खड्ड्याची भिंत बोटानं चाचपून पाहा. गुळगुळीत, लिंपल्यासारखी लागली, तर तो खड्डा पावसात, ओल्या काळ्या मातीत खणलेला आहे. जेसीबीचा दात किंवा ऑगर (खड्डे पाडायचं गिरमिट) ओल्या चिकणमातीवरून फिरला की भिंत घोटली जाते आणि सुकल्यावर कडक होते. कोवळं मूळ तिथं आदळतं आणि आतल्या आत वळतं. यावर उपाय सोपा आहे: खड्डे मे महिन्यात, कोरड्या जमिनीत खणा. माती उन्हात तापू द्या, भिंती तडकू द्या. पावसात खणावंच लागलं, तर लावण्याआधी सब्बलीनं चारही भिंती ओरबाडून खडबडीत करा.

खड्डा अडीच फूट लांब, रुंद, खोल असावा. रस्त्याच्या कडेला रोलरनं दाबलेला मुरूम असेल तर खोलीपेक्षा रुंदी वाढवा, आणि निघालेला मुरूम परत न भरता शेतातली माती आणा. दोन वाटे माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल तर टाकूच नका. त्यानं उधई येते, आणि मुरमाड जमिनीत ती आधीच टपलेली असते.

काळ्या जमिनीत रोप खड्ड्यात खोल बसवू नका. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच बसवा आणि बुडाला मातीचा उतार द्या, म्हणजे झडीचं पाणी बाजूला जातं. आळं करायचं ते पाऊस संपल्यावर, दसऱ्यानंतर. पिशवी पूर्ण काढा. मुळांचं वेटोळं दिसलं तर ब्लेडनं उभ्या दोन-तीन चिरा द्या. हात कचरतो, पण चिरा दिल्याशिवाय मुळं बाहेर पडत नाहीत.

रोप निवडताना उंचीला भुलू नका. पिशवीत तीन-चार वर्षं अडकलेलं उंच रोप दिसायला छान, आतून वेटोळलेलं. दीड-दोन वर्षांचं, छातीएवढं, अंगठ्याएवढ्या जाडीचं रोप घ्या. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आधी सांगून ठेवलं तर अशी मोठी रोपं बाजूला काढून मिळू शकतात. वीतभर रोपं शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) चालतील, रस्त्यावर नाही.

लावण्याची वेळ: मृगातल्या पहिल्या सरीनं भुलू नका, नंतर पंधरा दिवस ताण पडू शकतो. जमीन वीतभर ओली झाली की लगेच, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरका. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर लावलेल्या झाडाला जेमतेम दीड महिना पावसाचा मिळतो. तेवढ्यात मुळं खोल जात नाहीत. त्या दिवशी कार्यक्रम करायचा असेल तर आधी लावलेल्या झाडांना कुंपण घालायचा करा.

पाण्याचं गणित लावण्याआधी करा

राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांची लक्ष्यं घेऊन मोहिमा झाल्या. राज्यानं कोटींत मोजलं, ठीक आहे. गावानं मात्र पाण्यात मोजावं.

रस्त्याकडेच्या एका रोपाला पहिल्या उन्हाळ्यात एका वेळी २० लिटर धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यातून एकदा, एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत दोनदा. म्हणजे साधारण ३० पाळ्या, ६०० लिटर. पाचशे रोपं लावली तर ३ लाख लिटर. ५ हजार लिटरचे ६० टँकर. ज्या गावात मे महिन्यात पिण्याच्या पाण्यालाच टँकर लागतो, तिथं हे होणार नाही, आणि होऊही नये. तेच पन्नास रोपांना ३० हजार लिटर, म्हणजे सहा टँकर. एवढं पाणी गावातून निघू शकतं. ग्रामसभेत हा हिशेब फळ्यावर मांडा आणि मग रोपांचा आकडा ठरवा. पाचशेंतली तीस जगण्यापेक्षा पन्नासातली पंचेचाळीस जगवलेली मला कधीही चालतील, कारण पंचेचाळीस सलग झाडांखालून माणूस चालत जाऊ शकतो.

रोज मग्गाभर पाणी घालणं हा सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात घातक प्रकार आहे. वरची दोन बोटं माती ओली होते, दुपारपर्यंत वाळते, आणि मुळं त्या ओलीच्या मागं वर येतात. आठवड्यानं एकदा, पण सावकाश, पूर्ण मुरेपर्यंत द्या. पाणी बुंध्याला लागून नको. बुंध्यापासून हातभर दूर गोल आळं, आणि दर वर्षी ते आळं रुंद करत जायचं.

मडक्याची पद्धत आपल्याकडं चांगली चालते. पाच-सात लिटरचं बिनरंगाचं मडकं बुंध्यापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, भोवती माती हातानं चेपायची, तोंडावर चपटा दगड. माती कोरडी होईल तसं पाणी पाझरतं आणि उडून जात नाही. गेल्या उन्हाळ्यातलं, पाणी थंड करेनासं झालेलं मडकं मात्र वापरू नका. त्याची छिद्रं बुजलेली असतात, ते जमिनीतही पाझरत नाही. कुंभाराकडून नवीन आणा.

न्हाणीचं पाणी चालतं. कपडे धुतलेलं सोड्याचं पाणी टाळा. काळ्या मातीत ते साचलं की माती आणखी चिकट होते. हापशीखाली वाहून जाणारं पाणी तर फुकट आहे. गावातलं पहिलं झाड हापशीच्या ओट्यापासून चार हातांवर असायला हवं.

आणि एक प्रश्न, जो ग्रामसभेत विचारलाच जात नाही: हे पाणी कुणाच्या डोक्यावरून येणार? मे महिन्यात घरचं पाणी भरणाऱ्या बाईवर दोन बादल्या आणखी टाकायच्या असतील, तर आधी तिला विचारा. तिनं नाही म्हटलं तर ती जबाबदारी टँकरची, नाहीतर दुचाकीला कॅन बांधून फिरणाऱ्या पोरांची.

पाणी दिलं, तरी वाळलं

काळी माती सुकताना आकसते. फेब्रुवारीच्या शेवटी खड्ड्याच्या कडेनं गोल भेग पडते, जिथं भरलेली माती आणि जुनी जमीन भेटते तिथंच. त्या भेगेत मुळं तुटतात, गरम हवा आत शिरते आणि घातलेलं पाणी मुळांना न भिजवता सरळ खाली निघून जातं. भेगेत काडी घालून पाहा. हातभर आत गेली तर वरून कितीही ओता, फायदा नाही.

भेग पडल्यावर उपाय उशिरा होतो. जानेवारीतच, संक्रांतीच्या आसपास, आळ्यातली वरची तीन बोटं माती खुरपीनं भुसभुशीत करा. डवरणीनं आपण शेतात ओल राखतो, तेच इथं. त्यावर चार-पाच इंच आच्छादन: वाळलेलं गवत, पालापाचोळा, पूर्वेकडच्या भातपट्ट्यात तणस (भाताचा पेंढा). कुटार (मळणीतला भुसा) टाकू नका, तो ढोरांचा चारा आहे आणि ढोरं त्यासाठी कुंपण मोडतात.

आच्छादनाची एक अडचण आहे: ते पेटतं. मार्चपासून धुरे पेटवले जातात, रस्त्याकडेच्या गवतात बिडीचं थोटूक पडतं, आणि वाऱ्यानं आग अर्धा किलोमीटर रोपांमागून रोपं घेत जाते. म्हणून होळीच्या आधी प्रत्येक रोपाभोवती दोन हात गवत मुळासकट काढून जमीन उघडी करा, आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर पाल्याऐवजी दगडांचं आच्छादन घाला. मुठीएवढे दगड एकमेकांना लागून मांडले की खालची ओल टिकते, पेटत नाही आणि उधई त्यावर चढत नाही. पाला असो की दगड, बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी. बुंध्याला दोन फुटांपर्यंत चुना आणि गेरू लावा. चुन्यानं पश्चिमेच्या उन्हात कोवळी साल तडकत नाही.

बकऱ्या

यावर गावात भांडणं होतात, म्हणून थोडं थांबून बोलतो. बकऱ्या असणारी घरं बहुधा भूमिहीन असतात, आणि उन्हाळ्यात तोच त्यांचा बँकेतला पैसा असतो. एका आजीचं म्हणणं असं: "फेब्रुवारीत धुऱ्यावर काडी राहत नाही बाप्पा, बकरी काय उपाशी ठेवू?" तिला दंडाची पावती देऊन झाड वाचत नाही. तिच्या घरासमोरचं झाड कुठलं असावं हे तिला विचारा, आणि चार वर्षांनी त्याच्या खालच्या फांद्या चाऱ्याला तिच्याच, असं ठरावात लिहा. जुन्या गावांत चिंचेच्या, बोरीच्या पाल्याचा असाच हक्क असायचा. जो झाडाचा पाला घेणार, तो झाड मरू देत नाही.

कुंपणाला बोराटी किंवा बाभळीच्या काट्या उत्तम. बकरीच्या मानेएवढ्या उंचीपर्यंत, म्हणजे साडेचार-पाच फूट, कारण ती मागच्या पायांवर उभी राहते. तुराट्यांचा गोल कूडही चालतो. पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) कूड मात्र नको. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून बसते. २०१७ मध्ये या अळीनं कपाशीचं काय केलं ते आपण पाहिलं आहे.

करंजाला बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून आखराच्या (ढोरं-बकऱ्या गोळा होतात त्या जागेच्या) वाटेवर करंज लावा. दुसरा मार्ग वडाचा, पाखरीचा. हाताच्या मनगटापेक्षा जाड, सात-आठ फुटांची फांदी जूनमध्ये तोडून दोन फूट खोल पुरली तर ती फुटते, आणि पालवी येते तीच बकरीच्या तोंडाच्या वर. वरच्या कापावर शेण-माती लिंपा, नाहीतर ओल उडून जाते. मात्र ही झाडं घरापासून, विहिरीपासून आणि नालीपासून दूर, मोकळ्या चौकात किंवा बाजाराच्या जागेत.

सावली मेमध्ये कुठं पडते

झाडं जगली तरी काही गावांत तक्रार असते की सावली कामाची नाही. यात जात आणि जागा दोन्ही चुकतात.

एप्रिल-मेमध्ये अंगावर पानं असणारं झाड हवं. साग, पळस, बहावा ही आपली लाडकी झाडं, पण भर उन्हाळ्यात त्यांच्याखाली ऊनच असतं. गुलमोहर मेमध्ये फुलतो, पण मार्च-एप्रिल उघडा काढतो आणि वावटळीत त्याच्या फांद्या मोडतात. उंच अशोक खांबासारखा सरळ जातो, त्याची सावली त्याच्याच बुडाशी. कडुनिंब आणि करंज मार्चमध्ये जुनी पानं टाकून एप्रिलपर्यंत पुन्हा भरतात. पश्चिम विदर्भातल्या कमी पावसात या दोघांवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. चिंच हळू वाढते, पण तिच्याखालची सावली नातवंडं वापरतात. नाल्याकाठी, ओल टिकते तिथं जांभूळ आणि अर्जुन. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडं पाऊस जास्त असल्यानं आंबा आणि मोहही रस्त्यावर चांगले येतात.

आता जागा. आपण साधारण २० ते २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. नागपुरात २६ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे नेमका नवतपाच. त्या वेळी कुठल्याच भिंतीची सावली पडत नाही. सावली मिळते ती फक्त डोक्यावर पसरलेल्या फांद्यांची. दुपारी दोननंतरचं ऊन पश्चिमेकडून आणि संध्याकाळी किंचित वायव्येकडून येतं. घराच्या दक्षिणेला लावलेलं झाड मेमध्ये त्या घराच्या फारसं कामी येत नाही. पश्चिमेच्या भिंतीपासून बारा-पंधरा फुटांवर लावलेलं एक झाड सगळी दुपार कामी येतं.

रस्ता दक्षिण-उत्तर जात असेल, तर त्याच्या पूर्व बाजूच्या घरांची दारं पश्चिमेकडं असतात आणि दुपारी तीच तापतात. झाडं थोडी असतील तर आधी ती पूर्व कडेला, त्या दारांसमोर लावा. रस्त्यावर चालणाऱ्यांना सावली हवी असेल तर पश्चिम कडेला. पूर्व-पश्चिम रस्त्यावर ऊन रस्त्याच्या लांबीनं येतं, तिथं दोन्ही कडांना डेरेदार झाडं वीस-पंचवीस फुटांवर लावून फांद्या मधे भेटू द्याव्या लागतात.

पन्नासच झाडं असतील तर ती सगळ्या गावात शिंपडू नका. माणसं उन्हात उभी राहतात त्या जागा निवडा: एसटीचा थांबा, रेशन दुकानाची रांग, आरोग्य उपकेंद्र, शाळेचं फाटक, मजुरीला जाणाऱ्या बायका सकाळी ऑटोची वाट पाहतात तो चौक, आणि आठवडी बाजार. तिथून घरांकडं झाडांची ओळ वाढवत न्या.

उन्हाळ्यात राखणदार कुठं जातो

"शाळेकडं दिली झाडं" असं ऐकलं की मला काळजी वाटते. पोरं जीव लावतात यात शंका नाही. पण मे महिन्यात सुट्टी, आणि उन्हामुळं विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. झाडाला गरज असते नेमकी त्याच दोन महिन्यांत. कामाच्या निधीचंही तसंच. मार्चअखेर हिशेब बंद होतो आणि पाण्याचा टँकर एप्रिलमध्ये येत नाही. म्हणून ठराव करतानाच १ एप्रिल ते १५ जून या काळाचं पाणी वेगळं लिहा: कुठून, कुणी, कोणत्या वारी. ही तरतूद तीन उन्हाळ्यांची हवी. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, पण जास्त. तिसऱ्यात महिन्यातून एकदा.

सिमेंट, नाली आणि तारा

नाली किंवा नळाची पाइपलाइन खणताना झाडाच्या एका बाजूची सगळी मुळं कापली जातात. झाड लगेच मरत नाही, पुढच्या उन्हाळ्यात वाळतं, म्हणून कारण कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच बाजूच्या फांद्या वाळल्या असतील तर त्या बाजूला गेल्या वर्षी काय खणलं ते आठवा. रस्त्याचं काम सुरू होण्याआधी सरपंचांनी आणि झाडं सांभाळणाऱ्यांनी ठेकेदारासोबत एकदा रस्ता चालून, बुंध्यापासून निदान एक मीटर जागा चुन्यानं आखून द्यावी. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट काढून एवढीच जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवलेले असतील तर काढा. पावसाचं पाणी आत जाण्याचा तोच रस्ता आहे.

विजेच्या तारांखाली कडुनिंब लावला तर पावसाळ्यापूर्वीच्या कामात मे महिन्यात त्याचा शेंडा छाटला जातो, म्हणजे सावली हवी असते नेमकी तेव्हा. तारेखालच्या कडेला कांचन किंवा तामण लावा, मोठी झाडं समोरच्या कडेला.

फांद्यांची उंची मात्र आपल्या हातात आहे. कापसाची भरलेली ट्रॉली जाते तिथं खालच्या फांद्या घासून तुटतात आणि सालीला चीर जाते. दर हिवाळ्यात सगळ्यात खालच्या एक-दोन फांद्याच काढा, आणि झाडाच्या उंचीचा वरचा दोन तृतीयांश भाग पानांचाच राहू द्या. एकदम सगळं छाटून झाडू केलेलं झाड पहिल्या वावटळीत वाकतं.

लोखंडी जाळीत लावलेली झाडं तिसऱ्या पावसाळ्यानंतर एकदा फिरून पाहा. जाळीची कडी किंवा बांधलेली तार सालीत रुतायला लागली असेल तर ती कापून काढा. सालीतूनच पानांचं अन्न मुळांकडं जातं, आणि तार आत गेली की चांगलं वाढलेलं झाड वरून जाड आणि खालून बारीक होत जातं. बुंधा मनगटाएवढा झाला की जाळीचं काम संपलं. ती खोलून रंगवून ठेवा, येत्या जुलैत लागेलच.